थेट कॉलेज, थेट घर?

जून-जुलैत कोल्हापूरच्या कॉलेजांत प्रवेश सुरू झाले की आपल्या घराघरांत एक करार होतो. तो कुणी कागदावर लिहीत नाही. अब्बू म्हणतात, "शिक बेटा, आम्ही अडवणार नाही. पण थेट कॉलेज, थेट घर." अम्मी भर घालते, "मधे कुठं थांबायचं नाही." मुलगी मान हलवते. बारावीनंतर निकाह ठरलेल्या दोन-तीन मैत्रिणी तिच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे प्रवेश मिळाला हेच तिला खूप वाटतं. अटींचं पुढं बघू, असं ती मनाशी म्हणते. ते पुढं तीन वर्षांत येत नाही.

मला या कराराविरुद्ध बोलायचं आहे.

मुलींनी शिकू नये म्हणणाऱ्यांशी आपण पुष्कळ भांडलो आणि बऱ्याच अंशी जिंकलोही. अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीच्या २०२१-२२ च्या आकड्यांप्रमाणे देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते आणि त्यांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या. लोकसंख्येत १४ टक्के असलेला समाज कॉलेजांत ५ टक्क्यांच्या आसपास आहे, ही शरम आहेच. पण जे पोहोचले त्यांत मुली मागे नाहीत. म्हणून हा वाद शिक्षणाच्या विरोधकांशी नाही. तो शिक्षणाच्या बाजूनं असलेल्या, फी भरणाऱ्या, निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या आपल्याच आई-बापांशी आहे. त्यांच्याशी भांडणं जास्त अवघड, कारण ते वाईट नाहीत.

कोल्हापूर हे अप-डाऊनवाल्यांचं शहर आहे. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मध्यवर्ती बसस्थानकावर उभं राहून बघा. कागल, मुरगूड, हुपरी, इचलकरंजी, वडगाव, निपाणीच्या गाड्या येतात आणि पाठीवर सॅक असलेली पोरं-पोरी उतरतात. पन्हाळ्याकडची वेगळी, भोगावती-राधानगरीकडची वेगळी. मिरजेच्या गाडीनं जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीची मुलं येतात. गोखले, न्यू कॉलेज, विवेकानंद, कमला, राजाराम, कुठल्याही वर्गात डोकी मोजा, निम्म्याहून जास्त हात बसच्या पासवाल्यांचे वर होतील. दुपारी एकला तास संपले की तासाभरात आवार मोकळं होतं. म्हणजे ही गोष्ट एकट्या आपल्या मुलांची नाही. शेतकऱ्याचा मुलगाही येतो-जातो, यंत्रमाग कामगाराची मुलगीही येते-जाते.

फरक आहे तो पर्यायांचा. गावाकडचा एखादा पोरगा दुसऱ्या वर्षी मंगळवार पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतो, मेस लावतो. आपला मुलगा तीच जागा बघायला गेला की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग म्हणतो, "पाव्हणे येणार हायत, दुसरीकडं बघा." मुलींच्या बाबतीत तर तिथवर गोष्टच जात नाही. इतरांसाठी अप-डाऊन ही सोय आहे, कधी मजबुरी. आपल्या मुलीसाठी ती परवानगीची अट आहे.

आता हिशेब करू. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. एका सत्राची २२ क्रेडिट्स धरली तर ३३० तास होतात. कागलहून यायचं तर घरातून स्टँडवर, स्टँडवर वाट बघणं, प्रवास, पुन्हा कॉलेजपर्यंत केएमटी किंवा पायी, आणि तेच उलट. रोजचे दोन तास हा कमीत कमी अंदाज आहे. इचलकरंजीवाल्यांनी तो वाढवून घ्यावा. वर्षाला १८० दिवस धरले तर ३६० तास झाले. एका सत्राच्या शिकवण्याहून जास्त वेळ दरवर्षी खिडकीशी जातो. मी स्वतः कागलहून पाच वर्षं अप-डाऊन केलं आहे. गाडीत अभ्यास होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी सकाळच्या गाडीत एका पायावर उभं राहून वही उघडून दाखवावी.

शिवाय हे शिक्षण एसटीच्या आणि पंचगंगेच्या मर्जीवर चालतं. प्रवेशाचे दिवस आणि पुराचे दिवस एकच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि त्याच्या आधीच गगनबावड्याकडचे कितीतरी रस्ते बंद झालेले असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शहरच तुटलं होतं. पाठोपाठ २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. लॉकडाऊननंतर कॉलेजं नुकती उघडली होती. ज्यांच्या घरी दुचाकी होती ती मुलं गेली. ती दुचाकी घरात कुणाला मिळते, हे मी सांगायला नको.

पण वेळ आणि गाड्या हे यातलं लहान नुकसान आहे.

कॉलेज म्हणजे तास, एवढाच अर्थ आपल्या घरांत पोहोचला आहे. तो कधीच खरा नव्हता आणि आता तर कागदावरही राहिलेला नाही. नव्या अभ्यासक्रमात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक उपक्रम यांना क्रेडिट आहे. पुढं क्षेत्रीय प्रकल्प आहे. ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तास कुठल्या तरी बँकेत, कारखान्यात, वर्तमानपत्रात, दवाखान्यात प्रत्यक्ष काम. "थेट कॉलेज, थेट घर" या अटीत हे बसत नाही. मग काय होतं? ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला जातो, एनएसएसच्या शिबिराला "घरी अडचण आहे" असा अर्ज जातो, आणि गुणपत्रिकेवर मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. पदवी मिळते. मुलाखतीत "तुम्ही काय काम केलंय?" असं विचारलं की मुलगी गप्प बसते आणि घरचे म्हणतात, "बघा, शिकूनही नोकऱ्या कुठं मिळतात."

तास संपल्यानंतर काय घडतं ते एकदा नीट बघायला हवं. वक्तृत्व स्पर्धेत कुणाला पाठवायचं हे सर चहा पिताना ठरवतात, समोर जो उभा असेल त्याला. महाडीबीटीवर अर्जाची मुदत वाढल्याचं कळतं ते ऑफिसबाहेरच्या घोळक्यात. पुढं एमएस्सीला कुठं जायचं, सेट-नेट म्हणजे काय, बँकेच्या परीक्षेचा क्लास कोणता बरा, हे सांगणारी सीनियर ग्रंथालयात भेटते. घरात आधी कुणी पदवीधर असेल तर हे ज्ञान जेवताना मिळतं. आपल्यातल्या बहुतेक मुलांच्या घरात पदवीला जाणारी ती पहिलीच पिढी असते. त्यांना हे सगळं कॉलेजच्या कट्ट्यावरच मिळणार, आणि कट्ट्यावर थांबायला तर मनाई. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात आधी बस पकडायची घाई.

वकिलीचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आहे. वकिलांची कितीतरी वर्षांची मागणी होती. आता शहाजी लॉ कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला उच्च न्यायालयाचं कामकाज बघायला मुंबईला जावं लागत नाही. पण ते बघायला, एखाद्या सीनियरकडे फायली वाचायला, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तयारी करायला संध्याकाळ लागते. आपल्याच समाजात तलाक, पोटगी, वक्फच्या जमिनी, दंगलीतले खटले यांसाठी चांगल्या वकिलांची वानवा आहे आणि आपणच आपल्या मुलींना साडेबाराच्या गाडीत बसवतो.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी याच शहरात हा प्रश्न एका माणसानं ओळखला होता. शाहू महाराजांचं नाव आपण आरक्षणासाठी घेतो, जयंतीला हार घालतो. पण शिक्षणातलं त्यांचं सगळ्यात व्यवहारी काम वसतिगृहांचं होतं. खेड्यातल्या मुलाची फी माफ केली तरी तो शिकेलच असं नाही, कारण शहरात त्यानं राहायचं कुठं आणि जेवायचं काय? फीच्या आधी छप्पर लागतं, हे त्यांनी ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग झालं, त्याच साली जैन बोर्डिंग झालं. मुस्लिम मुलांना सुरुवातीला मराठा बोर्डिंगमध्येच जागा दिली गेली. मग १९०६ मध्ये किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामाची खूण. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं.

जातवार वसतिगृहं काढली म्हणून महाराजांवर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ती टीका पूर्ण चुकीची नाही. पण एक लक्षात घ्या. ही वसतिगृहं वेगवेगळी असली तरी एकाच शहरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि मुलं एकाच राजाराम कॉलेजच्या वर्गांत बसत होती. रात्री वेगवेगळ्या छपराखाली झोपायचं, दिवसभर एकत्र. आजच्या अप-डाऊनमध्ये आपल्या मुलांना तेवढंही एकत्र मिळत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातले, कुंभोजचे. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पुढं रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला गेले होते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी हीच परंपरा 'कमवा आणि शिका'च्या रूपानं आणली. आजही विद्यापीठात त्यांच्या नावाचं विद्यार्थी भवन आहे, जिथं मुलं काम करून शिकतात. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल त्यांनी त्याची चौकशी पहिल्याच वर्षी करून ठेवावी. या मातीत शिक्षण म्हणजे राहणं, असा अर्थ होता. येणं-जाणं नव्हता.

इथं कुणी म्हणेल, जमाना बघा. बघतो. ७ जून २०२३ ला मोबाईलच्या स्टेटसवरून हे शहर पेटलं, बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट तोडावं लागलं. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीवर आणि घरांवर हल्ला झाला. त्यानंतर ज्या आईनं मुलीला दर तासाला फोन केला, तिला मी भित्री म्हणणार नाही. मुलाच्या मोबाईलमध्ये कुठलं स्टेटस आहे हे ज्या बापानं रात्री तपासलं, त्यालाही नाही. भीतीला कारण आहे.

पण या भीतीवर "थेट घर" हा इलाज आहे का? २०२३ मध्ये आपल्या मुलांच्या बाजूनं बोलू शकणारे वर्गमित्र किती होते? ज्याच्याबरोबर तीन वर्षं डबा खाल्ला, ज्याच्या नोट्स झेरॉक्स केल्या, ज्याच्या संघात कबड्डी खेळली, तो मुलगा तुमच्याविषयीची अफवा पुढं पाठवताना निदान एकदा थांबतो. जो तुम्हाला फक्त तिसऱ्या बाकावरचं आडनाव म्हणून ओळखतो, तो कशाला थांबेल? अफवेला सगळ्यात सोपं कोण असतं, तर ज्याला कुणी ओळखत नाही. आपण सुरक्षिततेसाठी मुलांना अनोळखी ठेवतो आहोत. हा सौदा तोट्याचा आहे, आणि तो आपल्याला दंगेखोरांनी घालून दिला आहे. त्यांनाही हेच हवंय, आपण दिसू नये.

मुलांविषयी, म्हणजे मुलग्यांविषयीही बोलायला हवं, कारण त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. त्यांना कुणी "थेट घर" म्हणत नाही, "थेट दुकान" म्हणतं. गॅरेज, चिकन सेंटर, फळांचा गाडा, वेल्डिंग, फर्निचरचं पॉलिश. एकला तास संपला की दोनला शटर. काम करून शिकण्यात कमीपणा काहीच नाही, पण दुकानावर बसणारा मुलगा हळूहळू फक्त परीक्षेपुरता कॉलेजला जातो आणि दुसऱ्या वर्षी गायब होतो. अब्बूंना त्याची आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी देणं परवडत नाही, असं मला वाटत नाही. ज्या घरात लग्नाला तीनशे माणसांची बिर्याणी होते तिथं दोन दुपारचा एक पोऱ्या ठेवता येतो.

बिर्याणीचा विषय निघालाच आहे तर जमातींशीही बोलू. आपल्या किती गावांत गेल्या काही वर्षांत शादीखाने झाले? संगमरवरी फरशी, एसी, जेवणाचा वेगळा हॉल. किती ठिकाणी मुलींसाठी दहा खुर्च्यांची अभ्यासिका झाली? कोल्हापुरात दूरच्या गावच्या मुलींसाठी एखादी वसतिगृहाची खोली किती जमातींनी मिळून घेतली? जकात आणि सदका वाटताना शिवणयंत्र आठवतं, बसचा पास आठवत नाही, हॉस्टेलची अनामत आठवत नाही. १९०६ मध्ये एक हिंदू राजा आपल्या मुलांच्या राहण्याची काळजी करत होता. २०२६ मध्ये आपण ती काळजी दुसऱ्या कुणा राजाची वाट बघत सोडून दिली आहे. सरकारकडं मागायला हवंच. २०१४ मध्ये अध्यादेशानं दिलेलं पाच टक्के आरक्षण, शिक्षणातलं उच्च न्यायालयानं थांबवलं नव्हतं तरी, सरकारनं विरून जाऊ दिलं, हे विसरायचं नाही. पण मोर्चाला जायच्या आधी शादीखान्याच्या वरच्या मजल्याची किल्ली कुणाकडं आहे, ते विचारूया.

कॉलेजांनाही मोकळं सोडता येत नाही. निम्मी मुलं बाहेरगावची आहेत हे माहीत असताना उपक्रम संध्याकाळी पाचला ठेवायचे आणि मग "मुलं येतच नाहीत" म्हणायचं, हे थांबायला हवं. मुलींच्या खोलीत पंखा आणि पाणी, दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात बसायला जागा, आणि कार्यक्रम शेवटच्या गाडीआधी संपेल याची हमी, इतकं तरी मागून घ्या. वर्गप्रतिनिधी होऊन मागा.

आता तुमच्याशी, जे येत्या आठवड्यांत एफवायला बसणार आहात. करार मोडायचा म्हणजे घरात भांडण करून बाहेर पडायचं, असं मी सांगत नाही. करार बदलून घ्यायचा, आणि तो प्रवेशाच्या आधी, पैसे भरायच्या आधी. एकदा सवय पडली की दुसऱ्या वर्षी तो बदलत नाही. मागणी मोठी करू नका. आठवड्यातले दोन दिवस तास संपल्यावर तीन तास थांबणार, बस्स. एक दिवस ग्रंथालय, एक दिवस काहीतरी माणसांबरोबर करायचं काम: एनएसएस, नाटक, खेळ, भित्तिपत्रक, काहीही. कॉलेजचं ग्रंथालय लवकर बंद होत असेल तर १८५० पासून सुरू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर शहरातच आहे. मैत्रिणीचं नाव आणि तिच्या घरचा नंबर अम्मीला द्या. ती मैत्रीण हिंदू, जैन, बौद्ध कुणी असेल तर तिला एकदा घरी जेवायला आणा. अम्मीची निम्मी भीती त्या एका जेवणात जाते.

पैशाचं कारण पुढं येईल, तेव्हा कागद तयार ठेवा. एसटीत विद्यार्थ्यांना मासिक पासवर दोन तृतीयांश सवलत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट निम्मं आहे, म्हणून पास संपला किंवा दुसऱ्या मार्गानं यायचं झालं तरी घाबरायचं कारण नाही. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा ओबीसीतल्या जमातींनी जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर आणि पडताळणी आताच करून घ्यावी. खुल्या प्रवर्गातल्या घरांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो, तो काढायला तहसीलमध्ये जायला आपले लोक लाजतात की कंटाळतात, कोण जाणे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस वगैरे प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती वेगळी आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर यातलं काहीच हातात येत नाही, ते आधी बघा. असे वाचलेले पैसे बिनधास्त दाखवा आणि त्या बदल्यात दोन संध्याकाळी मागा.

राहिला प्रश्न उशिराच्या गाडीचा, कारण शेवटी अब्बू तोच विचारणार. मध्यवर्ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीशी वेळापत्रक असतं. रंकाळा आणि संभाजीनगर स्टँडचं वेगळं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एका दुपारी अम्मीला बरोबर घेऊन जा, आपल्या गावच्या चारनंतरच्या सगळ्या गाड्या एका कागदावर उतरवून घ्या, त्यातली एक गाडी दोघींनी मिळून पकडा आणि घरी पोहोचल्यावर तो कागद फ्रीजला चिकटवा.